लाँचच्या अंतरावरची गरिबी

काहींच्या घरात रिकाम्या बरण्या साठतात, काहींच्या घरात पिशव्या. माझ्याकडे किस्से साठलेत, आणि तेही सगळे एकाच प्रकारचे. बडी माणसं आमच्या गावात गरिबी बघायला आली, त्याचे! वापरात येत नाहीत आणि टाकवतही नाहीत.

परवा शेजारीण पेपर घेऊन आली. कुणी एक मोठा नट म्हणे गरिबीच्या प्रश्नावर गावोगाव भाषणं देत फिरणार आहे. तिनं विचारलं, बाई, तुमचं काय मत, एवढ्या श्रीमंत माणसानं गरिबीवर बोलावं का? मी म्हटलं, मत विचारू नकोस, चहा टाक. मत एका वाक्यात संपेल, मग आपण दोघी दुपारभर करणार काय?

तर ऐका.

स्वातंत्र्य मिळून पाचसहा वर्षं झाली असतील. मी नुकतीच ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडलेली. नोकरी नवी आणि तापटपणा जुना. नेमणूक झाली ती अलिबागच्या बाजूला, खारेपाटातल्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, कारण माणसं अजून आहेत आणि त्यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती, मधे मातीचा बांध. बांध आहे तोवर भात. बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं, आणि मग तीन वर्षं त्या जमिनीत दाणा पिकत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढी बडी माणसं तुमच्याच गावात कशाला यायची? चौलला देवळं होती, नारळी-पोफळीच्या वाड्या होत्या. काशीदला पांढरी वाळू होती. आमच्याकडे बघण्यासारखी एकच गोष्ट, गरिबी. पण ती सोयीची होती! सकाळच्या लाँचनं मुंबईहून मांडव्याला उतरायचं, तासाभरात गावात पोचायचं, गरिबी बघायची, फोटो काढायचे, की दुपारच्या लाँचनं परत. आमच्याहून गरीब वाड्या वर डोंगरात होत्या. पण तिथं लाँच जात नव्हती.

पाहुणे इतके वाढले की गावानं कायमची स्वागत समिती नेमली. त्यात तिघं. आमचे हेडमास्तर, ते भाषण करणार. महादू पाटील, गावातले सगळ्यात मोठे शेतकरी, ते हार घालणार. आणि मी, मुलांकडून स्वागतगीत म्हणवून घेणार. गीत एकच होतं. पाहुण्यांच्या नावापुरती जागा त्यात मोकळी ठेवलेली. नाव लांबलचक असलं की पोरांना मधेच श्वास घ्यावा लागायचा, आणि पाहुण्यांना वाटायचं की मुलं भारावली आहेत.

* * *

पहिल्या आल्या त्या एका गिरणीमालकाच्या शेठाणीबाई. आधी पत्र आलं. गावातल्या सर्वांत गरीब व्यक्तीला आमच्या हस्ते ब्लँकेट द्यायचं आहे, तरी व्यक्ती निवडून ठेवावी.

हेडमास्तरांनी मारुतीच्या देवळात सभा घेतली. सगळ्यात गरीब कोण, म्हणून विचारलं. सगळ्या माना खाली! अहो, चारचौघांत आपण गरीब म्हणून उभं कोण राहील? ज्याच्याकडे खरोखर काहीच नव्हतं तो म्हणाला, आमच्याकडे गेल्या सालापर्यंत म्हैस होती. दुसरा म्हणाला, माझा भाऊ मुंबईला गिरणीत आहे. अर्ध्या तासात गावात एकही गरीब उरला नाही.

शेवटी यमुनाबाय उठली. विधवा बाई, पंचेचाळिशीची, उंचनिंच, बोलायला फटकळ. तिचं एकच शेत, आणि तेही अगदी बांधाच्या कुशीत, उघाडीला लागून. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. पावसाचं पाणी शेतातून बाहेर सोडायला उघडायचं, भरती आली की बंद करायचं. ते दार कुजलं होतं. दर भरतीला फटीतून पाणी झिरपायचं आणि आजूबाजूची माती ढासळायची. गावातलं पहिलं शेत बुडणार तर यमुनाबायचं, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

ती म्हणाली, "गरीब म्हनून मना धरा. पन मी बोलनार. उघाडीला सागाच्या दोन फल्या मांगनार."

ठरलं. दिवस वैशाखातला. अंगाची काहिली होत होती. शेठाणीबाईंनी तिच्या खांद्यावर जाडजूड ब्लँकेट घातलं. फोटोग्राफरनं सांगितलं, काढू नका, अजून दोन घ्यायचेत. यमुनाबाय घामानं निथळत उभी, आणि त्या अवस्थेत तिनं उघाडीचं सगळं गाऱ्हाणं मांडलं. शेठाणीबाईंना मराठी बेताचंच. त्यांनी हेडमास्तरांना विचारलं, काय म्हणतात? हेडमास्तर म्हणाले, फार आभारी आहे म्हणतात.

मी त्यांच्यावर असली भडकले! ते म्हणाले, बाई, पहिल्याच भेटीत मागणं बरं दिसत नाही.

यमुनाबायनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ते ब्लँकेट नेऊन तिनं उघाडीच्या फटीत कोंबलं. त्या पावसाळ्यात गळती निम्म्यावर आली. तेव्हा शेठाणीबाईंनी गावाचं भलं केलं हे मला मान्य आहे.

* * *

त्यानंतर आली एक नटी. गोरीपान, नाजूक, आणि खरं सांगायचं तर स्वभावानं चांगली. तिला गरिबांच्या झोपडीत बसून फोटो काढायचा होता. एका मासिकात तिचा लेख येणार होता, गरिबांच्या घरी एक दिवस, अशा काहीशा नावाचा. दिवस म्हणजे अकरा ते सव्वाबारा.

तिला यमुनाबायच्या घरी नेलं. घर लहान, पण पाहुणे येणार म्हणून यमुनाबायनं पहाटे उठून सारवलेलं, दारात रांगोळी, भांडी राखेनं घासून लखलखीत. फोटोग्राफरनं आत डोकावून तोंड वाकडं केलं. म्हणाला, हे चालणार नाही, हे फार नीटनेटकं आहे, दुसरं काही नाही का?

शोधता शोधता त्याला पसंत पडला तो महादू पाटलांचा गोठा. कुडाच्या भिंती, पेंढ्याचं गळकं छप्पर, मधे एक खांब कलता. बैल बाहेर काढले. नटी आत बसली, शेजारी यमुनाबायला बसवलं, मांडीवर कुणाचं तरी मूल दिलं. यमुनाबायनं तिथंही फळ्यांचं सांगितलं. नटीनं मान डोलावली, तिचा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणीही आलं. गोठ्यात माश्या फार होत्या.

मासिक छापून आलं. फोटोखाली लिहिलेलं, याच घरात एक शेतकरी कुटुंब दिवस काढते! आणि खाली गावाचं नाव. आता पाटलांच्या मुलीचं लग्न नुकतंच पेणला ठरलेलं. सोयऱ्यांनी तो फोटो बघितला. कलता खांब त्यांनी साखरपुड्याला आले तेव्हा पाहिलेला होता, तो बरोबर ओळखला. आठ दिवसांत पेणहून माणूस निरोप घेऊन आला. फार सभ्य निरोप होता. पाटलांनी संकोच करू नये, वऱ्हाडाच्या जेवणाचं आम्ही आमच्याकडून बघू.

पाटील तीन दिवस घराबाहेर पडले नाहीत.

* * *

हा किस्सा एवढ्यावर संपला असता तर हेडमास्तरांची बाजू पडली असती. त्यांचं म्हणणं असायचं, बाई, तुम्ही फार संशयी आहात. मोठ्या माणसांच्या मागे पेपर येतो, पेपर वाचून अधिकारी येतो, अधिकाऱ्याच्या मागून मदत येते. तुम्ही-आम्ही ओरडून कोण ऐकणार?

आणि गंमत म्हणजे तसंच झालं! फोटो छापून आल्यावर दीड महिन्यानं खरंच एक अधिकारी जीप घेऊन आला. हातात ते मासिक. हेडमास्तर माझ्याकडे असे बघत होते की बस्स.

यमुनाबाय त्याला उघाडीवर न्यायला निघाली. तो म्हणाला, उघाडीचं माझ्याकडे काही नाही, मला फक्त हे घर दाखवा. फोटोवर बोट. नेला त्याला गोठ्याकडे. त्यानं चारी बाजूंनी पाहणी केली, छप्पर वाकून बघितलं, च्‌च्‌ केलं. महिन्याभरानं बैलगाडीतून नवे कोरे पत्रे आले. गावातल्या सगळ्यात श्रीमंत माणसाच्या बैलांच्या डोक्यावर सरकारी पत्रे चढले!

मी हेडमास्तरांना विचारलं, झालं समाधान?

ते म्हणाले, "मदत आली हे तर खरं ना, बाई?"

* * *

मधे एक गवई येऊन गेले. नाव मोठं, गळाही मोठा आणि पोटही. त्यांनी ठरवलं होतं की उपाशी लोकांसाठी देशातल्या प्रत्येकानं आठवड्यातून एक जेवण सोडायचं. त्याचा प्रचार करत ते हिंडत होते. शाळेच्या ओट्यावर उभं राहून बोलले, आणि काय बोलले! माझ्या वर्गातल्या मुली रडायला लागल्या. शेवटी त्यांनी हात जोडून विचारलं, माझ्यासाठी एवढं कराल ना? एक जेवण सोडाल ना?

यमुनाबायनं नेहमीच्या गरिबाच्या जागेवरून, म्हणजे पहिल्या रांगेतून, विचारलं, "सोडू की. पन कनचा? सकालचा तर आमी कवाच सोडलाय."

गवयांना ते नीट ऐकू गेलं नसावं. त्यांनी तिला लवून नमस्कार केला. नंतर समितीतर्फे पाटलांच्या ओटीवर त्यांचं जेवण झालं. पापलेट, कोलंबीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या. मी वाढत होते. चौथी भाकरी वाढताना माझ्यानं राहवलं नाही. विचारलं, आपलं सोडायचं जेवण कोणतं? ते प्रसन्न हसले. म्हणाले, माझा वार गुरुवार.

त्या दिवशी बुधवार होता.

* * *

आता पुढचं ऐकायच्या आधी बांधाची हजेरी काय ते कळायला हवं.

दरवर्षी पावसाच्या आधी, समुद्र मवाळ असतो अशा भांगाच्या दिवसांत, सगळा गाव बांधाच्या डागडुजीला उतरायचा. घरटी एक माणूस. मुंबईला गिरणीत असलेलेसुद्धा रजा काढून यायचे. शाळेचंही एक घर धरत. तिथून हेडमास्तर यायचे, काळा कोट काढून, धोतर खोचून. मला हे कबूल केलं पाहिजे, त्या बाबतीत त्या माणसानं कधी अंग चोरलं नाही.

काम सुरू व्हायच्या आधी बांधावर उभं राहून घराघराचं नाव पुकारायचं. ज्याचं घर तो म्हणायचा, "हाय." एखाद्या घरातून कुणी आलेलं नसलं तर सगळा गाव एका सुरात म्हणायचा, "न्हाय आलं!" बस, एवढंच. दंड नाही, भांडण नाही. पण ते दोन शब्दांचं वाक्य वर्षभर त्या घराच्या मागे लागायचं. विहिरीवर, दुकानात, लग्नात. लोक काही बोलायचे नाहीत, नुसते बघायचे. आणि नियम असा, की ज्यानं बांधावर एक पाटी माती टाकली त्याचं घर हजेरीत लागलं. एकदा लागलेलं नाव कधी निघायचं नाही.

ही हजेरी पुकारायचं काम पहिल्याच वर्षी माझ्याकडे आलं, कारण माझ्याइतका आवाज गावात कुणाचा नव्हता.

* * *

तर त्या साली हिरो येणार होता. मुंबईतला मोठा हिरो. त्यानं गरिबीविरुद्ध मोहीम काढली होती, आणि त्याला शेतकऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून श्रमदान करायचं होतं. हेडमास्तरांनी त्याला बांधाच्या कामाचं कळवलं. त्याचं उत्तर आलं, जरूर येतो. पण शूटिंगमुळे त्याची तारीख निघाली ती आमचं काम संपल्यावर आठ दिवसांनी, ऐन पौर्णिमेची.

पौर्णिमेला उधाण. त्या दिवशी समुद्र दुपारी बारापर्यंत बांधाच्या माथ्याला लागतो. आणि हेडमास्तरांनी काय सुचवावं? बाकीचा बांध वेळेत पुरा करू, उघाडीजवळची एक खांड, म्हणजे बांधातलं खिंडार, तेवढी त्यांच्यासाठी उघडी ठेवू. ते सकाळी आठला येतील, त्यांच्या हातून सुरुवात करू, दहापर्यंत खांड बुजवून टाकू.

उघाडीजवळची. म्हणजे यमुनाबायच्या शेतावरची.

ती देवळात उभी राहिली आणि नाही म्हणाली. कुणाच्या फोटोपायी समुद्राला दार उघडं ठेवायचं नाही म्हणाली. हेडमास्तर कळवळून सांगत होते की हा माणूस शब्द टाकेल तर उघाडीचं दारच काय, अख्खा बांध दगडी होईल. शेवटी हात वर करून ठरवायचं झालं.

मी हात वर केला.

होय, मी! इतका वेळ लोकांची टवाळी करतेय, तेव्हा हेही सांगितलं पाहिजे. दगडी बांधासाठी नाही केला. मला त्या हिरोला जवळून बघायचं होतं. त्याचा एक सिनेमा मी अलिबागला जाऊन दोनदा बघितला होता. यमुनाबायनं माझ्याकडे बघितलं.

पौर्णिमेला आठ वाजले, नऊ वाजले, हिरो नाही. खांडीच्या तोंडाशी चिखलाचे गोळे आणि पेंढ्याचे भारे तयार. माणसं रांगेत उभी. यमुनाबाय सारखी म्हणत होती, बुजवायला घ्या. पाटील म्हणत होते, आता येतीलच. साडेदहाला मोटार आली. रांगेत यमुनाबायच्या शेजारची जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवली होती. त्यानं पाटी उचलली, फोटोग्राफरकडे तोंड करून माती टाकली. फोटोग्राफर म्हणाला, उजेड नीट नव्हता. तीच रिकामी पाटी भरून पुन्हा उचलली. तिसऱ्यांदा एकट्याचा फोटो. मग त्यानं सगळ्यांना हात जोडले आणि म्हणाला, लाँच चुकेल.

आणि इथं आमच्या गावानं जे केलं ते दुसऱ्या कुठल्या गावानं केलं नसतं. पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवायचं, ही आमची रीत. मोटारीमागे सगळा गाव निघाला! रांग मोडली, पाट्या तिथंच टाकल्या, पोरं पळतायत, बायका पळतायत, मी स्वागतगीत म्हणवत पुढे. वेशीवर त्यानं मोटार थांबवून सह्या दिल्या. अर्धा तास दिल्या.

परत आलो तेव्हा यमुनाबाय एकटी खांडीत उभी होती, कमरेएवढ्या पाण्यात, पाठीनं पेंढ्याचा भारा दाबून धरून. आम्हाला बघून तिनं हाक मारली नाही. आम्ही धावलो, पण बारा वाजत आले होते. आमच्या डोळ्यांदेखत भारा तिच्या पाठीमागून निघून गेला आणि समुद्र तिच्या शेतात उतरला. तिला ओढून बाहेर काढायला चार माणसं लागली.

बांध दुसऱ्या दिवशी ओहोटीला बुजवला. शेत तीन वर्षं गेलं. पाटलांनी लाजेकाजेनं गोठ्यावरचे दोन सरकारी पत्रे काढून उघाडीला ठोकले, ते खाऱ्या पाण्यात दोन वर्षं टिकले. यमुनाबाय मिठागरावर मजुरीला जायला लागली. माझ्याशी ती पहिल्यासारखीच बोलायची, आणि त्याचीच मला लाज वाटायची. अजून वाटते.

आठवड्यानं पेपरात फोटो आला. हिरोच्या डोक्यावर पाटी. शेजारी उभी असलेली यमुनाबाय कापून टाकलेली होती, पण तिचा कोपर राहिला होता.

* * *

पुढच्या सालची हजेरी. मी सगळी नावं पुकारली, कागद घडी करायला लागले, तर यमुनाबाय म्हणाली, "बाई, एक घर राह्यला."

मी विचारलं, कुणाचं?

"हिरोचा. त्यानी पाटी टाकली न्हाय का?"

लोक हसले. पाटील काहीतरी बोलायला गेले आणि थांबले, कारण नियम तो नियम. एक सोडून तीन पाट्या टाकल्या होत्या त्यानं! मी कागद उघडला, शेवटी लिहिलं, आणि पुकारलं, हिरोचं घर! सगळा गाव एका सुरात म्हणाला, "न्हाय आलं!"

तेव्हापासून दरवर्षी. पहिली दोन वर्षं लोक हसायचे. मग हसू गेलं, बाकीच्या नावांसारखंच ते एक नाव झालं. रांगेत यमुनाबायच्या शेजारी त्या घराची जागा मोकळी राहायची आणि तिला पाटी पुढे द्यायला दर वेळी हात लांब करावा लागायचा. नवी पोरं विचारायची, हे हिरोचं घर कुठल्या आळीत आहे?

* * *

आणि आता शेवटचा. हा मी चहा संपल्यावरच सांगते.

चारपाच वर्षांनी अलिबागला मैदानावर मोठी सभा भरली. हिरो आता गरिबीविरुद्धच्या मोहिमेचा सर्वेसर्वा झाला होता. सिनेमे कमी, सभा जास्त. आजूबाजूच्या गावांतून माणसं लोटली होती. आमच्या गावची पन्नाससाठ तरी असतील, मैदानभर विखुरलेली. हेडमास्तरांना पहिल्या श्रमदानाचे साक्षीदार म्हणून व्यासपीठावर खुर्ची मिळाली होती. काळा कोट घालून ते टोकाला बसले होते.

यमुनाबाय माझ्याबरोबर आली होती. केस पांढरे झालेले, मिठानं हातांच्या बोटांना भेगा पडलेल्या. तिचं काम एकच, सागाच्या दोन फळ्या. शेत नुकतं कुठं पिकायला लागलं होतं आणि उघाडी पुन्हा उघडी पडली होती. येत्या पावसाळ्याआधी दार बसलं नाही तर पुन्हा तीन वर्षं, आणि आता मिठागरावर उभं राहायची ताकद तिच्यात नव्हती. स्वयंसेवक म्हणाला, प्रश्न विचारायचे नाहीत, चिठ्ठी द्या. मी चिठ्ठी लिहून दिली. त्यानं ती न वाचता खिशात घातली.

हिरो बोलायला उभा राहिला. आमच्या गावाचं नाव त्यानं घेतलं. म्हणाला, त्या दिवशी मी सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत चिखलात उभा होतो. माझ्या या हातांनी बुजवलेला बांध आजही समुद्राला अडवून उभा आहे. मग आवाज हळवा करून म्हणाला, "त्या बांधाखाली एका विधवा आईचं शेत आहे. ते आज सोन्यासारखं पिकतंय."

टाळ्या! मैदान दणाणलं. व्यासपीठावर हेडमास्तर खाली बघत होते.

यमुनाबाय चिडली नाही. आपल्या हातांकडे बघत बसली होती. टाळ्या थांबल्यावर ती माझ्या कानाशी वाकली.

"बाई," ती म्हणाली, "हजेरी घ्या."

पहिल्या रांगेत आमच्या शिक्षण खात्याचे साहेब बसले होते. बदली आठवली, नोकरी आठवली, माझ्या पगारावर असलेलं घर आठवलं. मग देवळात वर केलेला हात आठवला.

मी उभी राहिले, आणि बांधावर लावायचे तो आवाज लावून पुकारलं, "हिरोचं घर!"

सगळं मैदान वळून माझ्याकडे बघायला लागलं. आमच्या गावची माणसं दचकली, एकमेकांना शोधायला लागली.

आणि मग व्यासपीठाच्या टोकाच्या खुर्चीवरून हेडमास्तर उठले, अंगातला काळा कोट काढून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर ठेवला, आणि एकटेच ओरडले, "न्हाय आलं!"